नऊशे बारा ग्रॅम

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. वर्ध्याच्या बाजारात वडिलांच्या वेळेपासूनचे दुकान आहे. काटा कोणाचाही असो, धान्याच्या आडत्याचा, किराणावाल्याचा की भंगारवाल्याचा, तो खरा बोलतो की नाही हे पाहून सरकारी शिक्क्यासाठी तयार करायचे, एवढेच काम. तिशी ओलांडली तेव्हा वडील गेले. त्यांनी मला शिकवलेल्या दोन गोष्टी मी त्यानंतरही तशाच पाळल्या. एक म्हणजे, वजन ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहायचे. दुसरी, जावयाचा माल काट्यावर चढवायचा नाही.

ही दुसरी गोष्ट आमच्या घरचीच. ताईचे सासर हिंगणीचे. तिकडून तुरीची, गव्हाची पोती आली की वडील बैठकीतूनच विचारत, "जवाईबुवा, किती आहे?" भाऊजी जो आकडा सांगत तो वडील लिहून घेत. दिवसभर दुसऱ्यांच्या काट्यावरचे दहा-दहा ग्रॅम शोधणारा माणूस त्या पोत्यांना हात लावत नसे. मी एकदा लहानपणी पोते काट्याकडे ओढले, तर म्हणाले, "ठेव ते. जावयाचं मोजा लागत नाई."

भाऊजी वायुदलात तंत्रज्ञ होते. वीस वर्षे त्यांनी विमाने उघडली, दुरुस्त केली, बंद केली आणि उडवायला दुसऱ्यांच्या हाती दिली. निवृत्त होऊन हिंगणीला आले, शेती पाहू लागले. पुढे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, वैमानिक झाली आणि दुसऱ्या राज्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेत विमान उडवायला शिकवू लागली. तेव्हापासून भाऊजींच्या डोक्यात एकच होते. आपण हाताने केलेले विमान पोरीने उडवावे. परदेशातून सुट्या भागांचा संच मिळतो, तो घरी जोडायचा, टप्प्याटप्प्याने तपासणी करून घ्यायची, परवानगी मिळवायची. कागदपत्रे करण्यातच दीड वर्ष गेले. चार वर्षांपूर्वी पोळ्यानंतर एका ट्रकमधून तीन लाकडी पेट्या हिंगणीला उतरल्या. सर्वांत लांब पेटी चार मीटर नव्वद सेंटिमीटर होती, आणि गुरांचा जुना कोठा आतून सहा मीटर दहा. ते मोजमाप आधीच घेऊन ठेवले म्हणून पेटी आत गेली. मोजमाप मीच घेतले होते.

त्या दिवसापासून माझे रविवार हिंगणीचे झाले. सकाळी सहाला दुचाकीवर निघायचे, सातच्या आत कोठ्यात. उन्हाळ्यात टिनाखाली दुपारी उभेही राहवत नसे, आणि मोजमापाची कामे आठच्या आतच करावी लागत, कारण साडेचार मीटरचा ॲल्युमिनियमचा पंख सकाळ आणि दुपार यांच्यात दोन मिलिमीटर वाढतो. भाऊजींनी सांगितले तेव्हा मला खरे वाटले नव्हते. मी स्वतः मोजले. दोन मिलिमीटरच होते.

गावात विमानाचे नाव "जहाज" पडले. एका शेजाऱ्याचा नेम होता, रविवारी दूध घेऊन जाताना कोठ्याच्या दारात सायकल टेकवायची आणि विचारायचे, "का हो, कधी उडते जहाज?"

"होईन ना, काऊन घाई करता?" भाऊजी म्हणत.

"घाई नाई, पण एवढ्या दिवसात आमची कोंबडी उडून बोर धरणावर गेली असती."

"मंग तिलेच बसवजा पहिल्या फेरीले."

टिनावर बोरच्या जंगलातली वानरे नाचत. ताई काठी आपटून त्यांना हाकलायची आणि मग चहा आणायची. ते दिवस मला चांगले आठवतात. आम्ही तिघेही त्या काळात थोडे जास्त हसत होतो.

कामाची पद्धत भाऊजींनी वायुदलातली ठेवली होती. एक मोठी बांधीव वही. प्रत्येक ओळीला काम, तारीख आणि दोन रकाने: "केले" आणि "तपासले". ज्याने काम केले त्याने तपासायचे नाही, हा पहिला नियम. "केले"मध्ये बहुतेक भाऊजींची सही, "तपासले"मध्ये माझी. भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराच्या आकाराची रेघ पांढऱ्या रंगाने काढलेली आणि त्या रेघेत ते हत्यार टांगलेले. एकूण चौदा. पंखाचा किंवा धडाचा कोणताही भाग पत्रा लावून कायमचा बंद करण्याआधी हत्यारे मोजायची, आणि वहीत लिहायचे: "हत्यारे चौदा." त्यावरही दोन सह्या.

"आमचा उस्ताद सांगायचा," भाऊजी पहिल्याच रविवारी म्हणाले, "आदमी भूलेगा, कागज नहीं भूलेगा."

मला ते पटले. माझ्या धंद्यातही तसेच आहे.

चौदातले एक हत्यार माझ्या दुकानातले होते. रिव्हेट ठोकताना बाहेरून एक जण ठोकतो आणि आतून दुसऱ्याने जड ठोकळा दाबून धरावा लागतो, म्हणजे रिव्हेटचे टोक आत चपटे होऊन बसते. संचाबरोबर आलेला ठोकळा हलका वाटला. माझ्याकडे किलोचे एक जुने लोखंडी वजन पडून होते, सहा कोनांचे, खालचे शिसे निघून गेलेले. शिक्का मिळणे शक्य नव्हते. त्याची एक बाजू घासून आरशासारखी केली, कडेने कापडी पट्टी गुंडाळली आणि नेण्यापूर्वी सवयीने काट्यावर ठेवले. नऊशे बारा ग्रॅम. फळीवर भाऊजींनी त्याच्यासाठी सहा कोनांची रेघ काढली. इतर हत्यारांचेही वजन मी एका रविवारी करून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. भाऊजी हसले होते. "साळेबुवा, हत्यारं काय बाजारात विकाची आहेत का?"

डावा पंख दुसऱ्या वर्षी पुरा होत आला. शेवटचा पत्रा लावायचे ठरले त्या आठवड्यात मला तळेगाव (श्यामजी पंत) या गावी जावे लागले. तिथे वजनमापांच्या तपासणीचे तीन दिवसांचे शिबिर होते आणि आष्टी तालुक्यातली माझी सगळी गिऱ्हाइके काटे घेऊन येणार होती. मी म्हणालो, रविवारपर्यंत थांबा. भाऊजींना धीर धरवला नाही. ताईने आतून ठोकळा धरला, भाऊजींनी ठोकले, आणि मंगळवारी पंख बंद झाला.

रविवारी मी गेलो तेव्हा वही उघडी होती. "डावा पंख बंद. हत्यारे चौदा." पुढे भाऊजींची सही. माझा रकाना रिकामा. खरे म्हणजे तिथे ताईची सही हवी होती, पण तिने वहीत कधी सही केली नव्हती आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. भाऊजींनी पेन पुढे केले. "करा सही."

फळी माझ्या पाठीमागे होती. मान वळवून मोजायला पाच सेकंद लागले असते. पण भाऊजी पेन धरून समोर उभे होते, आणि मान वळवणे म्हणजे त्यांच्या तोंडावर "मला खात्री नाही" असे म्हणणे होते. आमच्या घरात जावयाचे मोजत नाहीत. मी सही केली. ताई चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यालो.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी माझे लक्ष फळीकडे गेले. सहा कोनांच्या रेघेत एक चौकोनी ठोकळा टांगला होता. नवा, लेथवर करून आणलेला, चकचकीत.

"भाऊजी, आपला जुना कुठं गेला?"

"चिरला तो. बिडाचाच माल. फेकून देला."

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चिरते, हे खरे आहे. मी पुढे काही विचारले नाही. त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी मी तो चौकोन त्या षट्कोनात पाहत होतो. त्या आकारांचे न जुळणे मला खुपत होते. एखाद्या किराणावाल्याच्या दुकानात मी असे पाहिले असते तर त्याला दहा प्रश्न विचारले असते.

याच काळात भाऊजींचे थोडे विसरणे सुरू झाले होते. एकच गोष्ट दोनदा सांगायचे. किल्ली हातात आणि किल्ली शोधताहेत. ताई म्हणायची, "वय झालं, दुसरं काय." तीही माझ्यासारखीच मान वळवत नव्हती, हे मला आता कळते.

या वर्षी फेब्रुवारीत विमान जोडून पुरे झाले. कोठ्याची एक भिंत काढून ते अंगणात आणले, पंख लावले. चार दिवस अख्खे गाव पाहून गेले. भाचीने रजा टाकली होती. जिल्ह्याबाहेर दोन तासांवर एक धावपट्टी वापरायला मिळणार होती. तपासणीचे अधिकारी येणार, मग पहिली चाचणी भाचीच घेणार. एकटीच. पहिल्या उड्डाणाला दुसरा माणूस बसवत नाहीत.

त्याआधी विमानाचे वजन करायचे असते. दोन पुढची चाके आणि शेपटीचे लहान चाक अशा तीन जागी काटे ठेवून. हे काम माझे, आणि खरे सांगायचे तर चार वर्षे मी याच दिवसाची वाट पाहत होतो. दुकानातले दीडशे किलोचे दोन काटे आणि शेपटीसाठी एक लहान काटा नेला. आदल्या दिवशी प्रमाणित वजनांनी तपासले. अंगणातली फरशी सपाट आहे का ते पाणपातळीने पाहिले. शून्य पाहिले. विमान ढकलून चढवले.

डावे चाक एकशे एकतीस किलो सातशे ऐंशी ग्रॅम. उजवे चाक एकशे अठ्ठावीस किलो सातशे. फरक तीन किलो ऐंशी ग्रॅम.

मी काटे अदलाबदल केले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. तेच आकडे. म्हणजे काटे खरे बोलत होते.

"डाव्या पंखात हवेची नळी आहे ना," भाऊजी म्हणाले. "वेग मोजाची. ती उजवीकडं नाई. फरक तर येनारच."

नळी एकशे ऐंशी ग्रॅमची होती, विमानाच्या मध्यापासून तीन मीटर वीस सेंटिमीटरवर. मी आकडे लिहिले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी हिशेब मांडला. जुन्या दांडीच्या काट्यावर लहानसे वजन जितके लांब सरकवावे तितके ते जास्त माल तोलते. पंखही दांडीच आहे. मध्यापासून लांब ठेवलेली हलकी वस्तू चाकाखालच्या काट्यावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट दिसते. हवेच्या नळीमुळे सहाशे चाळीस ग्रॅमचा फरक दिसायला हवा होता. उरले दोन किलो चारशे चाळीस.

वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. एकेक हत्यार घेतले. पक्कड दोनशे चाळीस ग्रॅम: एवढा फरक पाडायला ती मध्यापासून नऊ मीटरवर हवी, आणि पंख तर पाच मीटरच्या आतच संपतो. हातोडी पाचशे साठ: ती तीन मीटर ब्याण्णववर हवी, पण तो भाग मी असताना बंद केला होता आणि त्या दिवशी मी मोजले होते. मग नऊशे बारा. दोन मीटर एक्केचाळीस. पंखाच्या सांगाड्यातल्या पाचव्या आणि सहाव्या फासळीच्या मध्ये. मी तळेगावला असताना बंद केलेला पत्रा बरोबर तिथला.

पंखाच्या टोकाजवळची जी हलती पट्टी विमान डावीउजवीकडे कलवते, तिचा दांडा त्याच पाचव्या-सहाव्या फासळीच्या मधून जातो. त्यात लोखंड अडकले तर कललेले विमान सरळ करता येत नाही. आत भाची असणार होती.

मी शटर उघडलेच नाही. हिंगणीला गेलो.

"सोमवारी कसे? दुकान बंद का?" भाऊजी अंगणात विमानाची काच पुसत होते.

मी कागद दाखवला. एकेक आकडा सांगितला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग त्यांचा चेहरा कडक झाला.

"पंख मी बंद केला. वहीत लिहून आहे. तुमचा काटा तपासा पहिले."

तीस वर्षांत मला हे कोणी म्हटले नव्हते. माझ्या गिऱ्हाइकांनीही नाही.

"काटा तपासला, भाऊजी. उलटापालटा करून पाह्यला."

"मंग हिसाब चुकला असन."

ताई ओसरीतून खाली आली. "काय चालू आहे? अन् तू काऊन आवाज चढवून राह्यला? जवाई आहेत ते तुये. त्याह्यचं माप काढाले आला का सकाळी सकाळी?"

"हो, ताई," मी म्हणालो. "काढाले आलो."

असे मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

पंखाच्या खालच्या बाजूला हात जाईल एवढे एक गोल झाकण असते, दांडा पाहण्यासाठी. ते चौथ्या फासळीजवळ होते. मी चार स्क्रू काढले, दाढीचा आरसा आणि बॅटरी आत घातली. पहिल्यांदा काहीच दिसले नाही, नुसता पत्रा. आरसा थोडा फिरवला. फासळीच्या वरच्या कडेवर, दांड्यापासून चार बोटे अंतरावर, तो होता. कापडी पट्टीचा डिंक उन्हाने वितळून पत्र्याला चिकटला होता, म्हणून दीड वर्ष हलला नव्हता, वाजला नव्हता. सहा कोन स्वच्छ दिसत होते.

मी बाजूला झालो. भाऊजींनी वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ते तिथेच, चाकाला टेकून, जमिनीवर बसले.

"मी शोधला त्याले," ते म्हणाले. "आठ दिस शोधला. कुटाराच्या ढिगात, शेतात, मोटरच्या डब्यात. हिच्यासमोर शोधला नाई, ही झोपली का शोधाचो."

"मंग पंखात काऊन नाई पाह्यलं?" ताईने विचारले. तिचा आवाज अगदी बारीक होता.

"वही पाह्यली ना. चौदा लिहून होतं. मोजल्याचं मले आठवे नाई. पण अक्षर माझं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "अन् खाली तुमची सही होती. मी म्हटलं, मी भुललो असन, पण हे भुलनार नाईत. हे वजनवाले आहेत. याह्यनं मोजलं तर मोजलंच. म्हणून मी पंख सोडला, अन् मंग नवा ठोकळा करून आनला. तुमाले चिरला म्हनून सांगतलं, कारन हारपला म्हनाची लाज वाटली."

चौदा हा आकडा तेव्हाही भाऊजींनी खोटा लिहिला नव्हता. त्यांना चौदाच असतात हे माहीत होते, ते त्यांनी लिहिले. आठवण त्यांना दगा देऊ लागली होती आणि तो काळ असा होता की त्यांना टेकायला फक्त कागद उरला होता. त्या कागदावर माझी सही होती. त्या एका सहीने त्यांना बरोबर त्या जागेपासून दूर नेले जिथे ठोकळा पडला होता.

"भाऊजी," मी म्हणालो, "मी मोजलं नव्हतं."

ताई म्हणाली, "म्हंजे?"

"तुम्ही पेन देलं, मी सही केली. फळीकडं पाह्यलंच नाई."

"काऊन?" भाऊजींनी विचारले. रागाने नाही. त्यांना खरोखर कळत नव्हते. वायुदलातल्या माणसाला हे कळणार नाही. वडिलांचे, पोत्यांचे, मी काय सांगणार होतो?

"तुम्ही जवाई," मी एवढेच म्हणालो.

भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले आणि मग एकदा हसल्यासारखे झाले. "तुमच्या बापानं माझी पोती मोजली नाई कधी," ते म्हणाले. "तुमाले सांगतो आता. एक साल गव्हाचं मीच चुकीचं सांगतलं होतं. दहा किलो जास्त. त्याह्यले माहीत असन. ते बोलले नाई."

त्या आठवड्यात मी दुकान तीन दिवस बंद ठेवले. हात आत घालून ठोकळा निघत नव्हता. पत्र्याच्या चौसष्ट रिव्हेट एकेक ड्रिलने उडवाव्या लागल्या. ड्रिल मी धरले, कारण भाऊजी म्हणाले, माझा भरवसा नको. प्रत्येक रिव्हेटचे दोन्ही तुकडे ताईने डब्यात गोळा केले, आतमध्ये एकही राहू नये म्हणून. चौसष्ट डोकी, चौसष्ट शेपट्या. ती मोठ्याने मोजत होती. पत्रा पुन्हा बसवण्याआधी फळीसमोर आम्ही तिघे उभे राहिलो. चौकोनी ठोकळा काढून मी तिथे सहा कोनांचा टांगला. चौदा. वहीत "केले"मध्ये माझी सही आली आणि "तपासले"मध्ये ताईची. तिने पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट, सावकाश.

मग मी मागे जाऊन दीड वर्षापूर्वीचे ते पान काढले. माझ्या सहीखाली लाल पेनाने लिहिले: "ही सही न मोजता केली." तारीख घातली. भाऊजी पाहत होते. ते म्हणाले, "पोरगी वाचन."

"वाचू द्या."

"पहिलं पानही वाचते ती. सगळी वही वाचल्याबिगर ती विमानात बसत नाई."

"म्हणून तर लिहिलं."

भाची आली त्या दिवशी तिने ओसरीत बसून वही वाचली. दोन तास. आम्ही तिघे तिच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे. लाल ओळीवर ती थांबली. पुढची पाने वाचली, पुन्हा मागे आली.

"मामा, दुसऱ्या किती सह्या अशा आहेत?"

मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. आठवडाभर मी एकेक पान आठवून पाहिले होते. "ही एकच," मी म्हणालो. "पण तू माझ्या म्हणण्यावर जाऊ नको. बाकीचे बंद भाग कॅमेऱ्याने आतून पाहू."

"पाहूच," ती म्हणाली. पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी तेच केले. लांब वायरचा छोटा कॅमेरा तिने सोबतच आणला होता. उजवा पंख, शेपटी, धड. काही निघाले नाही. पुन्हा वजन केले: डावे एकशे तीस किलो शंभर ग्रॅम, उजवे एकशे एकोणतीस किलो चारशे साठ. फरक सहाशे चाळीस ग्रॅम, म्हणजे फक्त हवेच्या नळीचा. तिने काट्यावरचा आकडा स्वतः वाकून वाचला. मला बरे वाटले.

वडिलांना तपासून घेण्याचे तिने त्याच आठवड्यात ठरवले. सावंगी (मेघे) इथल्या दवाखान्यात तिने आणि ताईने त्यांना नेले. डॉक्टरांनी काही चित्रे दाखवली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. भाऊजी आल्यावर मला म्हणाले, "वजाबाकी जमली. शब्द पाच होते, दोन आठवले." विसरण्याचा आजार सुरू झाला आहे, गोळ्यांनी त्याची चाल मंद होईल, थांबणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. ताईने आता घरातही एक वही ठेवली आहे. गोळी घेतली की भाऊजी लिहितात, ती सही करते. गोळ्यांची पट्टी पाहून.

मार्चच्या शेवटी, उन्हे तापण्याआधी, विमान धावपट्टीवर गेले. अधिकाऱ्यांची तपासणी झाली. लाल ओळ त्यांनीही वाचली, कॅमेऱ्याने आतून काढलेले फोटो पाहिले आणि पुढे गेले. पहिल्या दिवशी भाचीने विमान नुसते जमिनीवर पळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ती बसण्यापूर्वी माझ्याकडे आली.

"मामा, हत्यारं?"

"चौदा."

"मोजली की सांगितली?"

"मोजली."

ती गेली. विमान पळाले, उचलले गेले आणि झाडांच्या वर गेले. माझ्या हातात दाबून चालू-बंद करायचे काट्यांचे घड्याळ होते. आवाज लांब गेला, मग परत आला. तिने एकदा डावीकडे कलवले, सरळ केले, उजवीकडे कलवले, सरळ केले. डावीकडे कलले तेव्हा ताईने माझे मनगट धरले होते. भाऊजी हात मागे बांधून उभे होते, परेडला उभे राहावे तसे. चाके टेकली तेव्हा त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसेच वाहू दिले.

"किती मिनटं झाली?" त्यांनी विचारले.

"अकरा."

भाची उतरली, त्यांच्या पाया पडली. धावपट्टीवरच्या शिपायाने चहा आणला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, "किती मिनटं उडली पोरगी?"

"अकरा, भाऊजी."

वही मी सोबत आणली होती. भाचीने ओळ लिहिली: "पहिले उड्डाण. अकरा मिनिटे." "केले"मध्ये तिची सही. "तपासले"चा रकाना रिकामा होता. तिने वही वडिलांपुढे ठेवली आणि पेन दिले. त्यांनी ओळ वाचली, पेन उचलले आणि थांबले.

"अकरा कोन मोजली?"

"मी," मी म्हणालो.

"घड्याळ दाखवा."

घड्याळ मी थांबवून ठेवले होते. ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, काटे पाहिले, मिनिटे बोटाने एकेक मोजली, अकरापर्यंत. मग सही केली.